खिशात चाकू हवाय, पण नेमका कशाला?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ठाणे पूर्वेला कोपरीत राहतात, वय अडतीस. महापे एमआयडीसीतल्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत आणि ट्रान्स हार्बरने कोपरखैरण्यापर्यंत रोज ये-जा करतात. त्यांना कायम खिशात ठेवता येईल असा घडीचा चाकू घ्यायचा आहे, 'एकदाच घ्यायचा पण उत्तम घ्यायचा'. बजेट बारा हजार. चार-पाच महिने रात्री जागून व्हिडिओ पाहिल्यावर तीन चाकू उरले आहेत: एस-थर्टी-व्ही पोलादाचा एक अमेरिकन, डी-टू पोलादाचा एक चिनी, आणि एक साधा स्विस, जो त्यांना 'जरा पोरकट' वाटतो. कामं म्हणजे गोडाऊनमधली खोकी उघडणं, जेवणाच्या सुट्टीत फळ कापणं आणि अधूनमधून ट्रेक. बायको म्हणते, "पेरू कापायला बारा हजार?" घरात सात वर्षांची मुलगी आहे. म्हणून चाकू ऑफिसच्या पत्त्यावर मागवावा आणि घरी नंतर सांगावं, असा बेत आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'शिवाय सेकंड शिफ्ट करून रात्री उशिराच्या गाडीने परतताना खिशात काहीतरी असलं की आधार वाटतो.' प्रश्न असा: 'ताई, तिघांतला कुठला घेऊ? आणि उघडं पातं अडकवून ठेवणारं लॉक हवं का?'

नमस्कार.

तुम्ही विचारलंय पोलादाचं, पण मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. ती तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहे, पण बारा हजारांतले निदान सहा हजार त्याच ओळीसाठी चाललेत असा मला संशय आहे.

आधार म्हणून चाकू बाळगू नका. डब्यात कोणी अंगावर आलाच, तर तो हातभर अंतरावर असणार. तुमच्या एका हातात बॅग. त्यात खिशातून चाकू काढायचा, उघडायचा, नीट धरायचा, एवढा वेळ कोणी देत नाही. समजा उघडलात. घडीच्या चाकूत मूठ आणि पातं यांच्यामध्ये हाताला अडवणारा आडवा दांडा नसतो. जोरात टेकवला की घामाने ओला झालेला हात मुठीवरून सरकतो तो थेट धारेवर. लॉक नसलेला चाकू तर उलटा मिटतो आणि बोटं मध्ये सापडतात. शिवाय जो फक्त मोबाईल हिसकायला आला होता, तो चाकू पाहिल्यावर काय करेल हे तुमच्या हातात राहत नाही. मोबाईल गेला तर जाऊ दे. रेल्वेत १३९ आणि एरवी ११२ हे दोन नंबर पाठ असू द्या, रिकामा डबा दिसला तर पुढच्या भरलेल्या डब्यात चढा, आणि त्या शिफ्टचे दोघं-तिघं मिळून स्टेशनपर्यंत जात चला. रात्रीच्या प्रवासाची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण तिच्यावरचा इलाज चाकूच्या दुकानात मिळत नाही.

कायद्याचंही इथेच सांगून टाकते, कारण 'सहा इंचांपर्यंत चालतो' असं छातीठोक सांगणारे तुम्हाला पावलोपावली भेटतील. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांची जी यादी आहे, तिच्यात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू-सुरे येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. तुमच्या तिघांपैकी एकही या मापाच्या आसपास जात नाही. बरेच जण इथवर वाचतात आणि निश्चिंत होतात. पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सुद्धा आहे. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. सणवार, मोर्चे, निवडणुका आल्या की पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघत राहतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, ती आपण वाचत नाही. त्या आदेशात इंचांचा हिशेब नसतो. सुरे, सोटे, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर घेऊन फिरायला मनाई, अशी त्याची भाषा असते. आदेश मोडला तर कलम १३५ आहेच.

तुमच्या बाबतीत आणखी एक भर आहे. कोपरीतून निघता तेव्हा तुम्ही ठाणे पोलीस आयुक्तालयात असता, ऐरोली-रबाळे आलं की नवी मुंबई आयुक्तालय, आणि मधला वेळ गाडीत आणि फलाटावर लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत. म्हणजे एकाच चाकूसाठी रोज तीन वेगवेगळ्या पोलिसांपुढून जाणं आलं. कुणी बॅग उघडायला लावली तर पहिला प्रश्न एकच असणार: कशाला ठेवलाय? गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आहे, चाकू डब्याच्या पिशवीत पेरूशेजारी आहे, पातं बोटाएवढं आहे, तर उत्तर तिथल्या तिथे दिसतं. तोच चाकू पँटच्या खिशाला क्लिपने अडकवलेला, काळा कुळकुळीत, आणि तुमच्या तोंडून 'सेफ्टीसाठी साहेब' हे शब्द निघाले, तर त्याला हत्यार तुम्हीच ठरवलंत. बटण दाबून खटकन उघडणारे चाकू तर बघूही नका. दिल्लीत असल्या चाकूंसाठी १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे, आणि आपल्याकडेही त्यांच्याकडे कोणी फळं कापायचं साधन म्हणून बघत नाही.

आता कामाकडे येऊ. तुम्ही तीन कामं लिहिलीत आणि तिन्हींना मिळून एक चाकू शोधताय. गोडाऊनमधली खोकी आधी वेगळी काढा. पुठ्ठा दिसायला मऊ, पण धारेचा तो वैरी आहे. त्यात बारीक कचकच असते आणि कितीही भारी पोलाद असलं तरी दिवसभर खोकी फाडल्यावर धार बसते. वर चिकटपट्टीचा गोंद पात्याला लागतो, त्याला धूळ चिकटते, आणि त्याच पात्याने तुम्ही दुपारी पेरू कापणार आहात. नकोच ते. या कामासाठी मोडत्या पात्याचा कटर आहे, तुमच्या हाताखालची सगळी पोरं तोच वापरत असणार. जपानमध्ये १९५६ साली योशिओ ओकादा यांनी तो काढला. काचेचा फुटलेला तुकडा आणि चॉकलेटच्या वड्या यांवरून त्यांना ती कल्पना सुचली. धार गेली की टोक मोडायचं आणि पुढे जायचं. कामाला याहून सोयीचं अवजार कोणी बनवलेलं नाही, आणि ते शंभर-दोनशे रुपयांत येतं.

सुपरवायझर आहात म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. अंगठा सोडला की पातं आपोआप आत जाणारे कटर मिळतात, ते मागवून घ्या. गोडाऊनमध्ये हात कापतो तो पुष्कळदा उघडा राहिलेला कटर खिशात घालताना किंवा खोक्यावरून उचलताना. आणि मोडलेली टोकं कचऱ्याच्या डब्यात टाकू देऊ नका. झाकणाला फट पाडलेला एखादा जुना पत्र्याचा डबा टेबलाशी ठेवा, टोकं त्यात जाऊ द्या, भरला की झाकण टेपने बंद करून 'पाती' असं लिहून द्या. तो कचरा कोणीतरी उघड्या हाताने उपसत असतं. प्लास्टिकची पॅकिंग पट्टी कापताना तोंड बाजूला ठेवायचं, हे तुम्ही पोरांना सांगतच असाल.

कटर कंपनीत राहिला, तर खिशातल्या चाकूला उरलं काय? फळ, दोरी, दुधाची पिशवी, औषधाचं पाकीट, मुलीच्या प्रोजेक्टचा कार्डशीट, ट्रेकला काकडी आणि कांदा. माझी विनंती अशी की खरेदीआधी आठवडाभर मोबाईलमध्ये एक यादी करा. जेव्हा जेव्हा 'आत्ता चाकू हवा होता' असं वाटेल तेव्हा काय कापायचं होतं आणि कुठे होतात, एवढंच लिहायचं. व्हिडिओत लोक लाकूड फोडतात, दोरखंड कापतात, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडतात. तुमच्या यादीत यातलं किती येतं ते बघा. यादीतली बहुतेक कामं घर आणि ऑफिस या दोनच जागी निघाली, तर एक चाकू घरी आणि एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून मधला प्रवास रिकाम्या खिशाने करता येतो. तीन आयुक्तालयांचा प्रश्नही मिटतो. ऑफिसात ठेवणार असाल तर ॲडमिनला सांगून ठेवा. गेटवरच्या सिक्युरिटीला ते माहीत असलेलं बरं.

पोलादाचा तुमचा अभ्यास माझ्याहून जास्त झालेला दिसतो, पण तो कोरड्या हवेतल्या लोकांनी करून दिलेला आहे. आधी डी-टूचं बघू. मुळात हे डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, बनवायचं पोलाद. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला कुठल्याही टूलरूममध्ये विचारलंत तर तिथला माणूस त्याचा तुकडा कपाटातून काढून दाखवेल. झीज फार चांगली सोसतं, धार टिकते. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे कागदावर ते जवळजवळ स्टेनलेस वाटतं, पण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं गेलेलं असतं आणि गंजाशी लढायला मोकळं उरत नाही. टूलरूममध्ये त्या तुकड्याला तेल माखलेलं असतं ते उगाच नाही. खाडीकाठची हवा, जुलैची ओल, खिशातला घाम आणि वर लिंबू-कैरी. आठवडाभर दुर्लक्ष झालं की पात्यावर तांबूस ठिपके आलेच म्हणून समजा.

एस-थर्टी-व्ही हे क्रूसिबल या अमेरिकन कंपनीने २००१ च्या सुमारास चाकूंसाठीच आणलेलं पोलाद. गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि धार महिनोन् महिने राहते, कारण त्यात व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून बनलेले फार कडक कण असतात. तेच कण धार लावताना आडवे येतात. घरचा साधा दगड त्यांच्यापुढे थकतो, हिऱ्याचे कण बसवलेली डायमंड प्लेट लागते. म्हणजे धार जाणार उशिरा, पण गेल्यावर तुम्ही काय करणार? तुमच्या पत्रात धार लावण्याबद्दल एक शब्द नाही, म्हणून विचारते. आयुष्यभर वापरायची वस्तू म्हणताय, तर अर्धं आयुष्य तिला धार लावण्यात जाणार आहे.

आणि 'पोरकट' स्विस. त्यांचं पोलाद मुद्दाम मऊसर ठेवलेलं असतं, पोलादाचा कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मापावर साधारण ५६. धार लवकर बसते हे खरं. पण पाच मिनिटांत परत येते, अगदी कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासलं तरी. क्रोमियम भरपूर आणि मोकळं, त्यामुळे पावसाळ्यात त्याचं काही वाकडं होत नाही. कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या श्विझ परगण्यात १८८४ साली कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये तो बूच काढायच्या कॉर्कस्क्रूवाला अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. सैनिकाच्या खिशात चाललेली वस्तू आपल्याला पोरकट वाटते ती लाल रंगामुळे आणि दातकोरणीमुळे. मला विचाराल तर तो लाल रंगच तुमच्या फायद्याचा आहे. लोकलमध्ये शेजारचा माणूस लाल चाकू बघून दचकत नाही. रंग अगदीच नको असेल तर ॲल्युमिनियमच्या मुठीचे, रुपेरी रंगाचे प्रकार आहेत, ते पातळही असतात आणि दणकटही.

पोलादाच्या नावाहून कापण्यावर जास्त परिणाम कशाचा होत असेल तर पात्याच्या जाडीचा. दुकानातला माणूस हे सांगत नाही. एक कडक पेरू घ्या आणि घरातल्या दोन सुऱ्यांनी कापून बघा, एक जाड, एक पातळ. जाड पातं अर्ध्यापर्यंत जातं, मग पेरू 'कट्' आवाज करून आपोआप दुभंगतो आणि एक फोड टेबलाखाली जाते. तो कापलेला नसतो, पाचर मारून फोडलेला असतो. पातळ पातं शेवटपर्यंत शांतपणे उतरतं आणि बिया जिथल्या तिथे राहतात. व्हिडिओतले बरेच दणकट चाकू तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचे असतात, कारण लोकांना त्यांनी काहीतरी उचकटायचं असतं. तुम्हाला उचकटायचं काही नाही. पाठ दोन-अडीच मिलिमीटर आणि धारेकडे निमुळतं होत गेलेलं पातं बघा, लांबी सात ते आठ सेंटीमीटर. स्विस चाकूंवर ८४ किंवा ९१ मिलिमीटर लिहिलेलं असतं ते मिटलेल्या चाकूचं माप असतं, पातं त्याहून आखूड असतं, हे लक्षात ठेवा.

लॉक हवं का, हा तुमचा पोटप्रश्न. फळ, दोरी, पाकीट यांसाठी नको. साध्या घडीच्या चाकूत पाठीमागची स्प्रिंग पात्याला उघडं धरून ठेवते. धारेच्या बाजूने कितीही दाबा, तो मिटत नाही. पात्याच्या पाठीवर दाब आला किंवा टोक कशात खुपसून हलवलं तर मिटतो. म्हणजे ज्या कामात लॉक लागतं ते काम बहुधा चाकूचं नसतं, स्क्रूड्रायव्हरचं नाहीतर टोच्याचं असतं. एका हाताने झटक्यात उघडणारा चाकू दुकानात हातात घेतला की मजा येते हे मी नाकारत नाही, खेळण्यासारखं होतं ते. पण तोच खटका ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर ऐकू आला तर आजूबाजूचे चार जण मागे सरकतील. दोन हातांनी, नख लावून, सावकाश उघडणारा चाकू माणसांत वावरायला बरा.

लॉक हवंच असेल, ट्रेकसाठी समजा, तर तुमच्या यादीत नसलेला एक चाकू सुचवते: फ्रान्सच्या साव्वा भागातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये काढला, मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं १९५५ मध्ये आलं. कडं फिरवलं की पातं अडकतं, इतकं सोपं. आठ नंबरच्या मापाचं पातं साडेआठ सेंटीमीटर, अगदी पातळ. टोमॅटो याच्याइतका सुंदर क्वचितच कशाने कापला जातो. घ्यायचा तर स्टेनलेसचाच घ्या, कार्बनचा आपल्या हवेत काळा पडतो. एक भानगड मात्र आहे. मूठ बीच लाकडाची, पावसाळ्यात फुगते आणि पातं आत आवळलं जातं. कलावंतीण दुर्गाच्या पायऱ्यांवर भिजून वर पोचलात की नखाने उघडणार नाही. मग मुठीचं बूड दगडावर हलकेच आपटायचं, पात्याची पाठ थोडी वर येते, ती चिमटीत धरून ओढायची. तिकडचे लोकही हेच करतात. जूनच्या आधी बिजागरीपाशी लाकडाला थोडं तेल मुरवून ठेवलं तर त्रास कमी होतो.

तर उत्तर: स्विस घ्या. मोठं पातं, छोटं पातं, ओपनर-स्क्रूड्रायव्हर एवढं असलं की पुरे. वीस अवजारांचा जाडजूड ठोकळा खिशात राहत नाही, आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातो. बजेटच्या निम्म्याहून बऱ्याच कमी पैशांत काम होईल. अमेरिकन चाकूचा मोह तरीही सुटत नसेल तर मी अडवणार नाही, हौसेला मोल नसतं. फक्त ती हौस आहे असं स्वतःशी म्हणा, गरज म्हणून तिच्यावर सही करू नका. आणि बाहेरून मागवू नका. कस्टम्समध्ये पार्सल अडकलं की ड्यूटी, खुलासे आणि मनस्ताप यांत चाकूची गोडी जाते.

स्विस चाकूच्या नकला ऑनलाइन भरमसाट आहेत. निम्म्या किमतीत, डबीसकट, हुबेहूब. अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन घ्या. पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव बारीक पण स्वच्छ कोरलेलं असतं. अक्षरं फुटकी किंवा पुसट असली तर परत द्या. दुकानात सगळी अवजारं एकदा उघडून-मिटून बघा. उघडताना नखाला थोडा जोर लागला पाहिजे, पण नख तुटायची वेळ येता कामा नये. उघडल्यावर पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, डुगडुगलं नाही पाहिजे. मिटल्यावर ते दोन्ही भिंतींच्या मधोमध बसलंय ना, हे उजेडाकडे धरून दिसतं.

उरलेल्या पैशांतून हजार ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक दाण्याचा, एक चांगला धार लावायचा दगड आणा. त्याला बोटभर पाणी, खाली ओलं फडकं, म्हणजे दगड सरकत नाही. पातं दीड सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण पाच मिलिमीटर वर उचला, झाला वीस अंशांचा कोन. तो न बदलता पातं पुढे न्या, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कड उठते. बोट पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने, हळूच नेलं की ती खरखरीत लागते. मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे लागली की बाजू बदला. शेवटी दाब कमी करत करत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके हात आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने चार वेळा. पहिल्या रविवारी कंटाळा येईल, दुसऱ्या रविवारी जमेल, आणि मग घरातल्या सगळ्या सुऱ्या तुमच्याकडे येतील. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी-कोयता खुशाल द्या, पण हा चाकू नको. ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार तापून निळी पडते, पाणी उतरतं, आणि मग ती धार टिकत नाही.

देखभाल थोडकीच आहे. लिंबू, कैरी, चिंच कापल्यावर धुऊन कोरडा पुसायचा. सांध्यात गर अडकला तर कोमट साबणाच्या पाण्यात चार वेळा उघडझाप करून वाळवायचा. मग एक थेंब लिक्विड पॅराफिन, औषधाच्या दुकानात मिळतं, पोटात गेलं तरी भीती नाही. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन खिशातला सगळा कापूस गोळा करतं.

राहता राहिलं घर. वहिनींचा प्रश्न तुम्ही विनोदासारखा लिहिलात, पण तो चोख प्रश्न आहे, आणि वर मी लिहिलेलं बरंचसं त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांची तक्रार चाकूबद्दल असेल असं मला वाटत नाही. चार-पाच महिने नवरा रात्री मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय, विचारलं तर 'काही नाही' म्हणतो, आणि आकडा ऐकला तो बारा हजारांचा. ऑफिसच्या पत्त्यावर मागवलात तर चाकू चार दिवसांत सापडेल, सांगितलं नव्हतं हे मात्र चार वर्षं ऐकावं लागेल. सरळ त्यांना घेऊन दुकानात जा. दोन-तीन चाकू त्यांच्या हातात द्या. स्वयंपाकघरात रोज धारेशी त्यांचाच संबंध येतो, मूठ कुठली बरी आणि पातं कुठलं थोराड, हे त्या तुमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा लवकर सांगतील.

मुलीपासून लपवू नका, पण तिच्या हाती लागेल असा ठेवूही नका. घरात आल्यावर त्याची एक ठरलेली उंच जागा असू द्या, पँटच्या खिशात राहून तो धुण्यात जाता कामा नये. तिने बघायचा हट्ट धरला तर शेजारी बसवून, तुमच्या हातात ठेवून दाखवा: कापायचं ते आपल्यापासून लांबच्या दिशेने, दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच, आणि हातातून निसटला तर झेलायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. हे शेवटचं मोठ्या माणसांनाही शिकवावं लागतं.

मे महिन्यात कुठे विमानाने जाणार असाल, तर आदल्या रात्री हँडबॅगचे सगळे कप्पे चाचपून चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. नाहीतर सिक्युरिटीपाशी तो काढून घेतील आणि परत मिळणार नाही.